कंपनीचे ऑफ-रोड पॅकेज की साधी पिकअप? टायर, सस्पेन्शन आणि किंमत तोलून पाहण्याची रीत

अमेरिकेत टोयोटाच्या विक्रेत्याकडे गेलात, तर टॅकोमा पिकअपच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या सहज दिसतात. दोन्हींना चार दारे, दोन्हींचा मागचा हौदा पाच फुटांचा, रंगही कदाचित एकच. २०२४ च्या मॉडेलमध्ये त्यांपैकी 'टीआरडी ऑफ-रोड' या गाडीची सुरुवातीची किंमत सुमारे ४२ हजार डॉलर होती आणि 'टीआरडी प्रो'ची सुमारे ६४ हजार. शेवरोलेच्या कोलोरॅडो पिकअपमध्ये 'ट्रेल बॉस' आणि 'झेडआर-२' यांच्यात साधारण १० हजारांचे अंतर होते. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे आहेत आणि त्यांतले आपल्या कामाचे किती, हे कागदावर मांडल्याशिवाय सही करू नये, यासाठी हा लेख लिहीत आहे. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो. गेली काही वर्षे ओळखीतल्या मराठी कुटुंबांबरोबर पिकअप पाहायला जाण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे, आणि प्रत्येक वेळी त्याच चार-पाच मुद्द्यांवर चर्चा अडते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. जी वस्तू झिजते आणि पुढेमागे बदलावीच लागते, तिच्यासाठी वरचे मॉडेल घेऊ नये. जी वस्तू गाडीच्या सांगाड्यात, गिअरांत किंवा संगणकात मुरलेली असते आणि नंतर बसवायची म्हटली तर दुप्पट खर्च व डोकेदुखी होते, ती मात्र कारखान्यातूनच घ्यावी. टायर पहिल्या गटात येतात, डिफरन्शियलचा लॉकर (एका धुरीची दोन्ही चाके एकत्र बांधणारी यंत्रणा) दुसऱ्या गटात, आणि सस्पेन्शन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणूनच सस्पेन्शनवर सर्वांत जास्त विचार करावा लागतो.

पायरी पहिली : रस्ता ठरवा

गाडी पाहण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांचे कॅलेंडर काढा आणि डांबरी रस्ता सोडून आपण किती दिवस व कुठे गेलो, ते लिहून काढा. 'जाण्याची इच्छा आहे' असे रस्ते वेगळ्या रकान्यात लिहा. बे एरिया आणि सॅक्रामेंटोकडच्या बहुतेक कुटुंबांच्या यादीत हिवाळ्यात आय-८० महामार्गाने डोनर घाट ओलांडून टाहोला जाणे असते, एखाद-दुसरी डेथ व्हॅलीची सहल असते आणि बाकी सगळे कॅम्पग्राउंडपर्यंतचे खडीचे रस्ते. युटातल्या मोआबचे खडक किंवा जॉर्जटाउनहून टाहोकडे जाणारी २२ मैलांची रुबिकॉन ट्रेल ही अगदी निराळी गोष्ट आहे. ज्यांच्या यादीत ती खरोखर आहे, त्यांनी पुढचा हिशेब वेगळ्या नजरेने वाचावा.

या तिन्ही प्रकारांत गाडीकडून वेगवेगळी मागणी होते. बर्फात रबराची जात आणि नक्षी महत्त्वाची ठरते. खडकांवर लॉकर, जमिनीपासूनची उंची आणि चाकांची वरखाली होण्याची मुभा लागते. वाळवंटातल्या लांब कच्च्या रस्त्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कस लागतो. एकाच पॅकेजमध्ये हे सगळे सारख्या प्रमाणात मिळत नाही. प्रत्येक कंपनीने त्यांतल्या एकाला झुकते माप दिलेले असते.

पायरी दुसरी : टायर वाचायला शिका

टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेला आकडा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक माहितीचा स्रोत आहे. '२६५/७० आर १७' याचा अर्थ रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची. म्हणजे भिंत १८५.५ मिलिमीटर, ती वर व खाली मिळून ३७१, त्यात रिमचे ४३१.८ मिळवले की टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच येतो. टीआरडी प्रोवर येणाऱ्या '२६५/७० आर १८' या टायरचा व्यास याच रीतीने ८२८ मिलिमीटर, म्हणजे ३२.६ इंच भरतो, आणि जाहिरातीत त्याला '३३ इंची' म्हणतात. व्यासात एक इंच वाढला, तरी गाडीचे पोट जमिनीपासून फक्त अर्धा इंच वर जाते, कारण व्यासाचा अर्धा भागच धुरीच्या खाली असतो. केवळ '३३ इंची टायर' या शब्दांसाठी काही हजार डॉलर मोजू पाहणाऱ्याला मी हा गुणाकार आधी करायला लावतो.

मोठ्या टायरचे परिणाम इथेच संपत नाहीत. याच उदाहरणात घेर सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढतो. लहान टायरच्या गाडीवर बाहेरून असे मोठे टायर चढवले आणि संगणकात दुरुस्ती केली नाही, तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात जवळपास ६२ मैलांच्या वेगाने धावत असते. टायर जड झाला की ब्रेक लागायला, वेग घ्यायला आणि पेट्रोलला त्याची किंमत मोजावी लागते. कारखान्यातून आलेल्या गाडीत स्पीडोमीटर आणि गिअर बदलण्याची वेळ त्या टायरप्रमाणे जुळवलेली असते, ही कंपनीच्या पॅकेजची खरी जमेची बाजू. तरीही टायर चाळीस-पन्नास हजार मैलांत संपतात आणि मग कोणत्याही दुकानातून आपल्या पसंतीचे घेता येतात. त्याच मापाचे चार उत्तम ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे, टायर साधारण १,००० ते १,५०० डॉलरमध्ये बसून मिळतात. म्हणून पॅकेजच्या किमतीतला टायरांचा वाटा मी एवढाच धरतो, त्याहून अधिक नाही.

नक्षीचा मुद्दा स्वतंत्र आहे. झेडआर-२ वर कारखान्यातूनच चिखलाचे, म्हणजे मड-टेरेन टायर येतात. मोठमोठ्या ठोकळ्यांची ही नक्षी चिखल झटकून टाकते आणि खडकाला चिकटते, पण महामार्गावर घोंघावते आणि कडक बर्फावर बारीक चिरा असलेल्या टायरइतकी पकड देत नाही. फोर्डच्या रेंजर पिकअपचे ऑफ-रोड मॉडेल असलेल्या रेंजर रॅप्टरवर ३३ इंची ऑल-टेरेन टायर येतात. टाहोला जाणाऱ्याने टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या आत हिमकण असलेले चिन्ह आहे का, ते बोट ठेवून शोधावे. नुसते 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असणे आणि हे चिन्ह असणे यांत फरक आहे, कारण चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. कॅलिफोर्नियात बर्फामुळे चाकांना साखळ्या लावण्याचे 'आर-२' पातळीचे नियंत्रण लागू झाले की चारही चाकांवर बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला साखळ्या न लावता जाता येते, मात्र साखळ्या गाडीत बरोबर ठेवाव्या लागतात. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल असावी लागते.

आता भिंतीच्या जाडीबद्दल. डेथ व्हॅलीत उबेहेबे क्रेटरपासून रेसट्रॅक प्लायापर्यंत सुमारे २७ मैलांचा कच्चा रस्ता आहे. तो पन्हाळी पत्र्यासारखा आडव्या लाटांचा आणि धारदार दगडांनी भरलेला आहे. माझ्या आधीच्या पिकअपला महामार्गाचे गुळगुळीत टायर होते आणि ते बदलण्याचा खर्च मी पुढच्या वर्षावर ढकलला होता. त्या रस्त्यावर अकरा-बारा मैल आत गेल्यावर उजव्या बाजूने फस्स असा आवाज आला. उतरून पाहिले, तर मागच्या टायरच्या भिंतीला बोटाच्या पेराएवढी चीर पडलेली होती, आतले धागे बाहेर डोकावत होते आणि धुळीत हवेचा झोत दिसत होता. तळव्याचे पंक्चर दोरीने बुजवता येते, भिंतीची चीर बुजत नाही. स्टेपनी पूर्ण मापाची होती म्हणून आम्ही सावकाश परत आलो, पण पुढे जाण्याचा विचार सोडावा लागला. तेव्हापासून मी स्टेपनी पाहिल्याशिवाय गाडी पसंत करत नाही : ती इतर चार टायरांच्याच मापाची आहे का, कुठे टांगली आहे आणि एकट्या माणसाला खाली उतरवता येते का. झेडआर-२ च्याच 'बायसन' या वरच्या प्रकारात टायर ३५ इंची असल्यामुळे स्टेपनी हौद्यात उभी बसवलेली असते. त्याने सामानाची किती जागा खाल्ली, हे टेप घेऊन मोजावे.

हलक्या ट्रकसाठी बनवलेल्या 'एल-टी' टायरची भिंत अधिक जाड असते. त्यामुळे दगडांपासून रक्षण होते, पण टायर जड आणि चालण्यात कडक वाटतो. प्रवासी गाडीच्या टायरऐवजी त्याच मापाचा एल-टी टायर बसवला, तर तेवढेच वजन पेलण्यासाठी त्यात हवा अधिक लागते, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

पायरी तिसरी : सस्पेन्शन गाडीखाली जाऊन पाहा

चटई आणि टॉर्च घेऊन गाडीखाली डोके घाला. विक्रेता हरकत घेणार नाही. घेतलीच तर दुसरीकडे जा.

साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि तेल व वायू एकाच पोकळीत राहतात. पन्हाळी रस्त्यावर चाक सेकंदाला अनेकदा वरखाली होते, तेल तापते, त्याला फेस येतो आणि फेसाळलेले तेल दट्ट्याला अडवू शकत नाही. त्या क्षणापासून चाक जमिनीवर टेकण्याऐवजी उड्या मारू लागते आणि वळणावर मागचा भाग बाहेर सरकतो. ही थकवा येण्याची क्रिया टाळण्यासाठी एकनळी शॉक वापरतात. त्यांत तरंगत्या दट्ट्याने तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवलेले असतात, आणि त्यांना बाजूला तेलाची जादा टाकी जोडली की उष्णता आणखी विभागली जाते. टॅकोमा टीआरडी ऑफ-रोडवर येणारे बिलस्टीन शॉक याच जातीचे आहेत. म्हणजे खालच्या मॉडेलवरही पुष्कळ काही मिळते.

टीआरडी प्रोवरचे फॉक्स शॉक एक पाऊल पुढे आहेत. त्यांच्या आतल्या नळीला ठरावीक जागी छिद्रे असतात. दट्ट्या मधल्या भागात असताना तेल त्या छिद्रांतून वळसा घेते, म्हणून चाल मऊ राहते. दट्ट्या टोकाकडे गेला की छिद्रे मागे पडतात आणि शॉक कडक होतो. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळण्याऐवजी रुतून सावरते, ती यामुळे. बाहेरच्या खिट्टीने कडकपणाच्या तीन पातळ्या निवडता येतात. रेंजर रॅप्टरवर फॉक्सचेच 'लाइव्ह व्हॉल्व्ह' शॉक असतात आणि हाच कडकपणा संगणक चालता-चालता बदलतो. झेडआर-२ वरचे मल्टिमॅटिकचे 'डीएसएसव्ही' शॉक तत्त्वानेच निराळे आहेत : पातळ चकत्यांच्या थप्पीऐवजी त्यांत सरकत्या झडपा असतात, त्यामुळे तेल तापले तरी वागणूक फारशी बदलत नाही. हेच तंत्र शेवरोलेने २०१४ च्या कॅमारो झेड/२८ या ट्रॅकवर पळवण्याच्या मोटारीत वापरले होते.

एवढे गुण वाचून मन तयार होते, म्हणून इथेच थांबून पहिल्या पायरीतली यादी पुन्हा पाहावी. हे महागडे शॉक वेगासाठी आहेत. पन्हाळी रस्त्यावर ताशी ४०-५० मैलांनी तासन् तास जाणाऱ्याला त्यांचा खरा उपयोग होतो. कॅम्पग्राउंडच्या खडीवर ताशी १५ मैलांनी जाणाऱ्या कुटुंबाला बिलस्टीन आणि फॉक्स यांतला फरक जाणवेलही, पण तो २० हजारांचा नसेल.

उंची वाढवण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ट्रेल बॉस साध्या कोलोरॅडोपेक्षा दोन इंच उंच असते, झेडआर-२ तीन इंच. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी बाहेरच्या किटने उंच केली, तर चाकाकडे जाणाऱ्या धुरीच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात. शिवाय काचेमागचा कॅमेरा आणि पुढचा रडार नव्या उंचीसाठी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीच्या जागी पाहत राहते. तीन इंच उंची हवीच असेल, तर ती कारखान्यातून घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

मागचे सस्पेन्शनही पाहा. चार दारांच्या बहुतेक नव्या टॅकोमांत मागे कॉइल स्प्रिंग आहेत, कोलोरॅडोत अजून पाटे आहेत. पाटे ओझे निमूट वाहतात. कॉइल खडबडीत रस्त्यावर चाकाला अधिक मोकळीक देतात. हौद्यात रोज विटा-सिमेंट नेणाऱ्याने पाट्यांना कमी लेखू नये.

पायरी चौथी : लॉकर आणि खालचे पत्रे

दोन चाके तिरकी हवेत लटकली की साधे डिफरन्शियल सगळी ताकद लटकत्या चाकांना देते आणि गाडी जागीच अडते. लॉकर त्या धुरीची दोन्ही चाके एकत्र बांधतो. टीआरडी ऑफ-रोडला मागे विजेवर चालणारा लॉकर मिळतो. झेडआर-२ आणि रेंजर रॅप्टरला पुढे-मागे दोन्हीकडे. ट्रेल बॉसला मागे आपोआप लॉक होणारे यांत्रिक डिफरन्शियल असते. बाहेरून लॉकर बसवायचा, तर डिफरन्शियल पूर्ण उघडून गिअर पुन्हा जुळवावे लागतात. एका धुरीला सुटे भाग व मजुरी मिळून साधारण १,५०० ते २,५०० डॉलर लागतात. म्हणून मागचा लॉकर नसलेली फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप ऑफ-रोडसाठी घेऊ नये, आणि खडकांच्या वाटांवर जाणार नसाल तर पुढच्या लॉकरसाठी पैसे देऊ नयेत.

इंजिनखालचे संरक्षक पत्रे टॉर्चने पाहा. इंजिनचे तेलपात्र, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुरींना ताकद वाटणारी पेटी) आणि पेट्रोलची टाकी या तिन्हींखाली पत्रा असावा. तो वाकवून न पाहता नुसता ठोकला, तरी जाडीचा अंदाज येतो. हे पत्रे बाहेर सहज मिळतात.

पायरी पाचवी : दाराच्या चौकटीवरची पिवळी पट्टी

चालकाचे दार उघडा. चौकटीवर पिवळ्या पट्टीच्या कागदावर एक वाक्य छापलेले असते : माणसे आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त असू नये. ती प्रत्येक गाडीची स्वतःची मर्यादा आहे. माहितीपत्रकातला आकडा नव्हे. ऑफ-रोड मॉडेलमध्ये जड टायर, पत्रे आणि मऊ सस्पेन्शनमुळे हा आकडा बहुधा कमी असतो.

समजा पट्टीवर १,१५० पौंड लिहिले आहेत. आपण दोघे आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मिळून ६०० पौंड. दहा गॅलन पाणी ८३. छपरावरचा तंबू १५०. कॉम्प्रेसर, जॅक आणि हत्यारे ६०. शिधा, स्टोव्ह आणि बॅगा १५०. बेरीज १,०४३. उरले १०७ पौंड, आणि पुढे लोखंडी बंपर व विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) लावण्याचे मनात असेल, तर मर्यादा तिथेच ओलांडली जाते. ट्रेलर ओढणाऱ्याने त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीवरच येतो हेही धरावे. ओढण्याची क्षमताही घटते : कोलोरॅडोची कमाल ७,७०० पौंड आहे, झेडआर-२ ची ६,००० आणि बायसनची ५,५००, साधी रेंजर ७,५०० पौंड ओढते आणि रॅप्टर ५,५१०.

आई-बाबांचा उल्लेख आला, म्हणून आणखी एक गोष्ट. गाडी पाहायला जाताना त्यांना बरोबर न्या आणि मागच्या सीटवर चढून बसायला सांगा. टीआरडी प्रोच्या पुढच्या सीटांना स्वतःचे शॉक असतात. त्या जाड असल्यामुळे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा कमी उरते. पाय ठेवायला पायरी लावली, तर ती खडकांवर अडकते. आईचा गुडघा आणि खडकाची धार या दोहोंचा विचार एकाच वस्तूत करावा लागतो, आणि मी तरी आईच्या बाजूने कौल देतो.

पायरी सहावी : दोन रकाने मांडा

डावीकडे दोन मॉडेलांतला किमतीचा फरक लिहा, उजवीकडे तीच वस्तू बाहेरून घेतली तर काय पडेल ते. ट्रेल बॉस ते झेडआर-२ या १० हजारांत पुढचा-मागचा लॉकर धरून सुमारे ४ हजार, उत्तम शॉक बसवून ३ ते ४ हजार, टायर सव्वा हजार आणि वाढीव उंची येते. दोन्ही रकाने जवळपास जुळतात, शिवाय सगळे वॉरंटीत राहते. म्हणून पुढच्या लॉकरची गरज असणाऱ्याला झेडआर-२ रास्त आहे, नसणाऱ्याला ट्रेल बॉस पुरे. टॅकोमात मात्र मागचा लॉकर आणि एकनळी शॉक खालच्याच मॉडेलवर मिळतात. २२ हजारांच्या फरकात ३२६ अश्वशक्तीचे हायब्रिड इंजिन, फॉक्स शॉक, पुढचा स्टॅबिलायझर (गाडीचे कलणे रोखणारा दांडा) बटणाने सोडण्याची सोय आणि त्या खास सीटा येतात. टाहो आणि डेथ व्हॅलीच्या यादीसाठी मी टीआरडी ऑफ-रोड घेऊन तिला चांगले एल-टी टायर घालीन.

वॉरंटीबद्दल अवाजवी भीती नको. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनी संपूर्ण वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावे लागते. पण उंच केलेल्या गाडीच्या धुरीचा सांधा तुटला, तर तो वाद आपल्याला लढावा लागतो. कारखान्याच्या उंचीवर तो उद्भवत नाही, कारण तिन्ही कंपन्यांची ३ वर्षे किंवा ३६ हजार मैलांची मूळ वॉरंटी त्या सस्पेन्शनलाही लागू असते.

भारतातून आलेले मित्र नेहमी विचारतात, की टोयोटाची हायलक्स पिकअप इथे का नाही. १९६४ पासून आयात केलेल्या हलक्या ट्रकवर अमेरिकेत २५ टक्के कर आहे, त्यामुळे इथल्या पिकअप मुख्यतः उत्तर अमेरिकेतच बनतात. भारतात २०२२ पासून मिळणारी हायलक्स इथे पाहण्यात वेळ घालवू नये.

पायरी सातवी : ताब्यात घेतल्यावरचा पहिला महिना

पहिल्या सहलीपूर्वी मोकळ्या मातीच्या मैदानात लो-रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) आणि लॉकर एकदा लावून व सोडून पाहा. चढणीच्या मध्यावर बटण शोधण्याची वेळ येऊ नये. स्टेपनी स्वतः उतरवून पुन्हा चढवा. कच्च्या रस्त्यावर शिरताना टायरची हवा ३५ वरून २२ ते २५ पीएसआयपर्यंत उतरवली, की टायर दगडाभोवती वाकतो, चिरण्याची शक्यता घटते आणि हादरे निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतात. डांबरावर परतल्याबरोबर हवा भरून घ्यायची, म्हणून शंभरएक डॉलरचा कॉम्प्रेसर आणि काट्याचा प्रेशर गेज हौद्यात कायम ठेवा, आणि दर वेळी चारही टायरांबरोबर स्टेपनीचीही हवा मोजा.